हॉटडॉगची गाडी आणि कॅसेटचा धंदा

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा रॅपर रेसिदेन्ते आणि कोलंबियाचा गायक जे बाल्विन यांच्या वादाकडे ‘कलावंत विरुद्ध दुकानदार’ असे पाहावे, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. २०२१ मध्ये बाल्विनने लॅटिन ग्रॅमी या संगीत पुरस्कारांवरील बहिष्काराची भाषा केली तेव्हा रेसिदेन्तेने त्याच्या संगीताला हॉटडॉगच्या गाडीची उपमा दिली, हे खरे. परंतु मार्च २०२२ मध्ये अर्जेंटिनाचा संगीतनिर्माता बिसाराप याच्याबरोबर रेसिदेन्तेने बाल्विनवर काढलेले टीकागीतही यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि त्याचा लाभ दोघांनाही झाला. (गीत धारदार आहे, याबद्दल दुमत नाही.)

त्या मतात एक गोष्ट राहून गेली आहे. ज्या काळाला रेगेटॉनचा (बाल्विन गातो त्या लॅटिन नृत्यसंगीताचा) अस्सल काळ म्हटले जाते, त्या नव्वदच्या दशकात प्वेर्तो रिकोमध्ये हे संगीत डीजे प्लायेरो आणि ‘द नॉइज’ हा समूह यांच्या कॅसेटमधून पसरले, आणि त्या कॅसेट विकण्यासाठीच काढल्या जात असत. फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलिसांनी तेथील राजधानी सान हुआनमधील दुकानांवर छापे घालून, अश्लीलतेच्या आरोपाखाली, त्या जप्त केल्या. म्हणजे दुकानांत त्या उघडपणे विकल्या जात होत्या. बड्या कंपन्या मात्र तेव्हा या संगीताच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या.