अमेरिकेचा १९९८चा धर्मस्वातंत्र्य कायदा: वादविवादासाठी काय वाचू?

पहिलीचबाकं: एम.ए. राज्यशास्त्र. येत्या गुरुवारी वर्गात वादविवाद आहे: 'परक्या देशातलं धर्मस्वातंत्र्य आपल्या कायद्याने राखता येतं का?' माझ्या वाट्याला विरोधी बाजू आलीये. नेटवर नुसता धुरळा उडालाय. कुठून सुरुवात करू?

खडूस_काका: लेख राहू दे, आधी मूळ कायदा वाच. कलम ४०५ मध्ये धर्मस्वातंत्र्य तुडवणाऱ्या देशांविरुद्ध १५ उपाय आहेत, खासगीत निषेध कळवण्यापासून आर्थिक निर्बंधांपर्यंत. मग कलम ४०७ बघ. राष्ट्रहिताचं कारण देऊन अध्यक्ष यातले कडक उपाय (क्रमांक ९ ते १५) माफ करू शकतो. सौदी अरेबियाचं नाव २००४ला 'विशेष चिंतेच्या देशां'त, म्हणजे सर्वात गंभीर उल्लंघन करणाऱ्यांच्या यादीत, गेलं आणि २००६ला बेमुदत माफी मिळाली. तुझं अर्धं भाषण इथेच झालं.

रानजाई: काका, ही पळवाट चुकून राहिलेली नाही हो. वुल्फ आणि स्पेक्टर या अमेरिकी खासदारांच्या आधीच्या विधेयकात निर्बंध आपोआप लागणार होते. क्लिंटन सरकार आणि उद्योगवाले दोघेही अडून बसले, म्हणून मवाळ मसुदा आला. तो सेनेटमध्ये ९८-० ने पास झाला. समोरची बाजू व्हिएतनाम नक्की काढेल: २००४ला यादीत, मग वाटाघाटी, काही कैद्यांची सुटका, २००६ला यादीतून बाहेर. त्यांना तारीख विचारा. नाव निघालं नोव्हेंबरात, बुश हनोईला जायच्या तोंडावर!

पहिलीचबाकं: हे भारी आहे! भारताचं उदाहरण घेऊ का? वर्ग पेटेल अशी भीती वाटते.

खडूस_काका: घे, पण कागद हातात ठेवून. २००५ला गुजरातच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांना, मोदींना, दिलेला व्हिसा रद्द केला तो याच कायद्याने आणलेल्या तरतुदीखाली. ते पंतप्रधान झाल्यावर २०१४ला वॉशिंग्टनला गेले.

रानजाई: आणि दोन अहवाल शेजारी शेजारी उघडा, एक अमेरिकी परराष्ट्र खात्याचा, एक धर्मस्वातंत्र्यावरच्या तिथल्या स्वतंत्र आयोगाचा. दोन्ही याच कायद्याची पिल्लं. २०२० ते २०२४ आयोग दरवर्षी भारताला यादीत टाका म्हणाला, खात्याने एकदाही टाकलं नाही. मात्र दोन्हींतली भारताची पानं स्वतः वाचा, बातम्यांवर जाऊ नका.

पहिलीचबाकं: दोन्ही उतरवून घेतले. खात्याचा लांबलचक आहे, झेरॉक्सवाला खूश होणार. आज रात्री ४०७ पासून सुरू करते.