मदत हवी आहे: नवीन कार्ड डेकमध्ये घ्यायचं की नाही, कसं ठरवता?

नमस्कार मंडळी. पोकेमॉन कार्ड गेम खेळतो, स्पर्धांनाही जातो. पण नवीन सेट आला की माझा अंदाज हमखास चुकतो.

२०२४ मध्ये ड्रॅगापल्ट ईएक्स आलं तेव्हा मी नाक मुरडलं. स्टेज २ (दोन पायऱ्या उत्क्रांत होऊन येणारं), हल्ल्याला दोन वेगवेगळ्या एनर्जी (हल्ल्यासाठी जोडायची कार्डं), आणि डॅमेज २००. समोर ३३० एचपीचा (तेवढं डॅमेज झालं तरच बाद होणारा) चारिझार्ड ईएक्स, त्याला काय होणार? त्याच हल्ल्यात समोरच्याच्या बेंचवर, म्हणजे मागे थांबलेल्या पोकेमॉनवर, हवे तसे वाटायचे सहा काउंटर (प्रत्येकी १० डॅमेज) मी मोजलेच नाहीत. मग एका डावात त्याच सहा काउंटरांनी माझे बेंचवरचे छोटे पोकेमॉन टिपले, समोरच्याने दोन प्राइझ कार्डं (आपली सगळी आधी उचलतो तो जिंकतो) एकदम उचलली. पुढे बड्यू आलं. ३० एचपी बघून हसलो. त्याच्या फुकटच्या (एनर्जी न लागणाऱ्या) हल्ल्याने समोरच्याला पुढच्या टर्नला आयटम कार्डंच खेळता येत नाहीत, म्हणजे माझी रेअर कँडी (मधली पायरी गाळून थेट स्टेज २ आणणारं आयटम) हातातच कुजते, हे हरल्यावर कळलं.

आता विकत घेण्याआधी स्लीव्हमध्ये जुनं कार्ड आणि वर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालून धाकट्या भावाशी खेळून बघतो. पण तो कायम एकच डेक खेळतो (आणि हरला की चिठ्ठीवर आक्षेप घेतो!), त्यामुळे त्यातून फारसं काही कळत नाही.

तुम्ही किती डाव खेळून निर्णय घेता? आणि डेकच्या ६० कार्डांपैकी बाहेर कोणतं कार्ड काढायचं, हे कसं ठरवता? मी दर वेळी एनर्जी कमी करतो आणि मग अडकतो. चार प्रती एकदम घेण्याइतकं बजेट नाही, हेही लक्षात घेऊन सांगा.