दुष्काळी मुलखात डोंगर, बांध, पाचट पेटवणं: गावानं बंदीचा ठराव करावा का?

बालाघाटकर:
फेब्रुवारी लागला की मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या कड्यांवर रात्री आगीच्या रांगा दिसायला लागतात. आधी डोंगर, मग बांध. ऊस गेला की त्याचा वाळका पाला म्हणजे पाचट, कापूस संपला की त्याची वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाटी. मे संपेपर्यंत गावावरचा धूर हटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच मुलखात आपण जमिनीवरचं आच्छादन दरवर्षी स्वतःच्या हातानं जाळतो, हे मला पटत नाही.

उघड्या पडलेल्या डोंगरावर पहिला वळीव आदळला की पाणी मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला जातं. त्याच डोंगरावर आपण मजूर लावून समतल चर खोदलेले असतात. ते दोन पावसांत गाळानं भरतात. पाऊसही आता धड राहिला नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरानं मराठवाड्यातल्या कितीतरी रानांची माती खरवडून नेली. दोन्ही वेळेला उपयोगाला येतं ते गवताचं मूळ आणि कुजलेला पाला.

"जाळलं की गवत जोमानं फुटतं," असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चार दिवस हिरवं दिसतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं जाळलं आणि वर चराई चालू ठेवली की पवन्या, मारवेल मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीचं बी टोकानं जमिनीत घुसून बसतं, आगीतून वाचतं. पुढे तीच कुसळं मेंढ्यांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात.

आणि धूर. थंडीच्या रात्री तो वर जात नाही, वस्तीवरच बसून राहतो. हवेतल्या बारीक कणांची आपल्या देशातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आमच्या गावात मोजायला यंत्र नाही, पण दमेकरी म्हाताऱ्यांचं खोकणं रात्रभर ऐकू येतं.

माझं म्हणणं: फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत डोंगर, गायरान, बांध कुणीही पेटवायचा नाही, आणि मोडेल त्याला दंड, असा ग्रामसभेनं ठराव करावा.

कोरडवाहू:
दादा, दंड कोणाला बसणार ते आधी सांगा. कृषी खातंच म्हणतं फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षीपर्यंत टिकते. बरं, काढली. पुढं काय? पूर्वी बाया सरपणाला न्यायच्या. आता घरोघर सिलिंडर आलेत, फुकट दिली तरी कोणी उचलत नाही. कुट्टी करायला ट्रॅक्टरवाला तासावर पैसे मागतो आणि दोन एकरांच्या तुकड्यात यायलाच तयार नसतो. मजूर तर ऊसतोडीला गेलेले. काडी लावली नाही तर मी रान कधी तयार करू? बांधावर साप-उंदरांचं भ्या वेगळंच. तुम्ही मातीचं बोलायलेत ते मला कळतं. पण पोट भरलेल्यानं केलेला ठराव भुकेल्याच्याच अंगावर येतो.

लातूरकर, सध्या सॅक्रामेंटो (कॅलिफोर्निया):
सरसकट बंदीला माझाही विरोध आहे, कारण वेगळं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथून उत्तरेला पॅराडाइज हे अख्खं गाव वणव्यात गेलं, ८५ माणसं मेली. आमच्याकडे कितीतरी दिवस सूर्य लाल गोळ्यासारखा दिसत होता, शाळा बंद होत्या. इथल्या सरकारनं जवळजवळ शंभर वर्षं प्रत्येक आग विझवली आणि मूळ आदिवासींच्या लहान लहान, ऋतू बघून लावलेल्या आगींवर बंदी घातली. जंगलात सरपण साठत गेलं. त्यात उष्णता आणि दुष्काळ वाढला, आणि आता आग लागली की आवरत नाही. आज तेच सरकार परवानगीनं, हवा बघून, मुद्दाम जंगल जाळतं. आपल्याकडेही थंडीत, वारा नसताना, लोकांच्या देखत थोडं थोडं जाळणं बरं.

बालाघाटकर:
लातूरकर, तिकडच्या जंगलात वर्षानुवर्षं लाकूड आणि काटक्या साठतात. आपल्या माळावर एका पावसाळ्याचं गवत असतं आणि ते कापता येतं. २०१९ ला बीड जिल्ह्यात चारा छावण्या चालू होत्या, जनावरं दावणीला बांधून माणसं तिथंच राहत होती. ज्या जिल्ह्यात ही वेळ येते तिथं नोव्हेंबरात कापून गंज लावता येईल असा चारा मार्चमध्ये जाळायचा? जानेवारीत राखणीखाली जाळरेषा काढायला माझा पाठिंबाच आहे. आग पुढं सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळी केलेली ती पट्टी असते, अख्खा डोंगर नाही.

कोरडवाहू, पऱ्हाटीची अडचण खरी आहे, म्हणूनच मी डोंगर, गायरान आणि बांध एवढंच लिहिलं.

मांजराकाठ:
तुम्ही सगळे गवतावर भांडताय. एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात कारखान्यांमागं कारखाने उभे राहिले, बोअर हजार फुटांच्या पुढं गेले, त्यावर ठराव कुठंय? दुष्काळ मेंढपाळाच्या काडेपेटीनं आलेला नाही. दंडाची पावती मात्र त्याच्याच नावानं फाटणार, कारण तो गावाबाहेरचा.

किनवटची लेक:
आमच्याकडे मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, फुलं दिसावीत म्हणून. ती आग पुढे रानात शिरते. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे, तरी थांबलं का? काही बायांनी झाडाखाली जाळी नाहीतर जुनी लुगडी अंथरायला सुरुवात केली, तिथं काडीची गरजच उरली नाही. फुलंही स्वच्छ मिळतात. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे, धुराची बाजू मी घेणार नाही. पण नुसती बंदी आम्ही पाहिली आहे.

खोडवावाला:
पाचटाचं सांगतो. एकरी तीन-चार टन निघतं. जाळलं की त्यातला जवळजवळ सगळा नत्र धुरात जातो. मी खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसात, ते सरीआड (एक सरी सोडून एका सरीत) पसरतो, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतो. ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते, तणही कमी. सगळ्या सऱ्यांत भरलं तर पाटपाणी पुढं सरकत नाही, म्हणून सरीआड. मांजराकाठ, ऊस कमी व्हावा हे मलाही पटतं. पण जो उभा आहे त्याचं पाचट तरी जाळू नका.

कोरडवाहू:
हे कामाचं बोललात. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आधी गावाच्या मालकीच्या कुट्टी यंत्राचा ठराव घ्या, लहान शेतकऱ्याला पहिला नंबर. दंडाचा त्यानंतर. उलटं करणार असाल तर मी विरोधात हात वर करणार.

बालाघाटकर:
यंत्राला माझा हात वर. पण डोंगरासाठी यंत्र येईपर्यंत थांबणं मला मान्य नाही, तिथं कुट्टीचा प्रश्नच नाही. मांजराकाठ, दंड लिहायच्या आधी मेंढपाळांना त्या सभेला बोलावू आणि चराईचे पट्टे त्यांच्याशी बोलूनच ठरवू.

मांजराकाठ:
बोलवा. पण जानेवारीत त्यांचे वाडे (मेंढरांचे तळ) दूर गेलेले असतात. सभा त्यांच्या वाटेवर असताना घ्या, नाहीतर ठराव त्यांच्या माघारीच होईल.