संग्रहालयातील नमुन्यांचे फॉर्मॅलिन बदलताना कोणती खबरदारी घ्यावी?

प्राणीशास्त्र_विभाग

नमस्कार. मी एका ग्रामीण भागातील पदवी महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद केल्यापासून आमच्याकडे नवे नमुने येत नाहीत, त्यामुळे संग्रहालयात जे साप, बेडूक, तारामासे आणि गोगलगायी आहेत तेच आम्हाला जपायचे आहेत. अनेक बरण्यांतील द्रव पिवळा पडला आहे, काही बरण्यांत तो निम्म्यावर आला आहे आणि नमुन्याचा वरचा भाग उघडा पडला आहे. सुट्टीत हे सर्व द्रव बदलावे असे विभागात ठरले आहे.

आमचे परिचर मामा हे काम पूर्वीपासून तोंडाला रुमाल बांधून, दारे लावून आणि पंखा सुरू करून करतात. दारे लावायची ती वास वऱ्हांड्यात जाऊ नये म्हणून. मला ही पद्धत योग्य वाटत नाही, परंतु त्याऐवजी नेमके काय करावे हेही मला ठामपणे सांगता येत नाही. रुमालाऐवजी सर्जिकल मास्क दिला तर पुरेल का? कपाटातील फॉर्मॅलिनच्या जुन्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला आहे. ते वापरण्याजोगे आहे का? आणि काढलेला द्रव बेसिनमध्ये ओतायचा नसेल तर त्याचे काय करायचे?

रसायन_प्रयोगशाळा

प्रथम मास्कविषयी. रुमाल काय किंवा सर्जिकल मास्क काय, दोन्ही धूळ आणि थेंब अडवतात; फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेले फॉर्मॅल्डिहाइड, आणि फॉर्मॅल्डिहाइड हा वायू आहे; तो त्यांतून सरळ आत जातो. उलट मास्क बांधल्यामुळे आपण सुरक्षित आहोत अशी समजूत होते आणि माणूस बरणीवर अधिक वेळ वाकून राहतो. फॉर्मॅल्डिहाइडसाठी बनवलेले कार्ट्रिज (वायू शोषून घेणारी डबी) असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा श्वसनसंरक्षक मिळाला तर तो अवश्य घ्यावा, पण हवा खेळती ठेवणे हा खरा उपाय आहे. तुमच्या रसायनशास्त्र विभागात चालू स्थितीतील फ्यूम हूड (वाफ बाहेर खेचून घेणारे कपाट) असेल तर बरण्या तेथे नेऊनच उघडाव्यात. नसेल तर समोरासमोरची दारे-खिडक्या सताड उघडून, वारा पाठीकडून येऊन बाहेर जाईल अशा जागी, शक्यतो मोकळ्या वऱ्हांड्यातच काम करावे आणि त्या वेळी तेथे विद्यार्थी नसावेत. बंद खोलीतला छताचा पंखा वाफ बाहेर टाकत नाही, ती खोलीभर पसरवतो. या वायूची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्याने तो खाली बसेल किंवा वर निघून जाईल या भरवशावरही राहता येत नाही.

फ्यूम हूड वापरण्यापूर्वी तो रिकामा करून घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उघडी राहिली असेल तर दोघांच्या वाफांपासून बिस-क्लोरोमिथाइल ईथर हे अत्यंत घातक, कर्करोगजनक संयुग तयार होण्याचा संभव असतो. पोटॅशियम परमँगनेटही जवळ नको. फॉर्मॅलिनशी त्याची क्रिया इतकी जोरदार होते की मिश्रण उकळून वायूचा लोट उठतो. खोल्या निर्जंतुक करण्यासाठी हीच क्रिया मुद्दाम वापरत असत.

बाटलीतील पांढरा साका म्हणजे पॅराफॉर्मॅल्डिहाइड, म्हणजेच फॉर्मॅल्डिहाइडचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन झालेला घन पदार्थ. बाजारातील फॉर्मॅलिनमध्ये वजनाने साधारण ३७ टक्के फॉर्मॅल्डिहाइड असते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून बहुधा १० ते १५ टक्के मिथेनॉल घातलेले असते. बाटली थंडीत राहिली किंवा बरीच जुनी झाली की तरीही साका बसतो, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवू नये. साका बसलेल्या बाटलीतील वरच्या द्रवाची तीव्रता किती उरली आहे हे सांगता येत नाही. गरम केल्यास साका विरघळू शकतो, पण महाविद्यालयात बर्नरवर असले काही करू नये, कारण वाफ विषारी आहे आणि मिथेनॉलमुळे ती पेटूही शकते. माझ्या मते ती बाटली टाकाऊ समजून वेगळी ठेवावी आणि नवीन लहान बाटली मागवावी. पाच-पाच लिटरचे कॅन साठवण्याची हौस कोणत्याच विभागाला परवडत नाही.

काचपट्टी

मी रुग्णालयाच्या ऊतिविकृती प्रयोगशाळेत (जेथे रुग्णांच्या ऊतींचे तुकडे तपासतात) तंत्रज्ञ आहे, त्यामुळे फॉर्मॅलिन आमच्या रोजच्या कामातले आहे. वरील उत्तरात हात आणि डोळे राहून गेले, म्हणून लिहितो.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. पातळ लेटेक्सचे मोजे यासाठी भरवशाचे नाहीत, आणि नायट्राइलचे असले तरी त्यांवर द्रव सांडला की ते लगेच काढून, हात धुऊन दुसरे घालावेत. फॉर्मॅल्डिहाइडमुळे त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते. एकदा ती जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही हातांवर पुरळ उठते. डोळ्यांना नेहमीचा चष्मा पुरत नाही, कारण बरणीचे घट्ट बसलेले झाकण एकदम सुटते तेव्हा थेंब बाजूने उडतात, म्हणून बाजू बंद असलेला गॉगल लागतो. डोळ्यांत थेंब गेलाच तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत आणि मगच दवाखाना गाठावा. नळ कोठे आहे हे कामाला लागण्यापूर्वीच पाहून ठेवावे. विभागात कोणाला दमा असेल किंवा कोणी गर्भवती असेल तर त्यांना या कामापासून दूर ठेवावे.

द्रव तयार करताना एक भाग फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी घेतात. त्यालाच आपण १० टक्के फॉर्मॅलिन म्हणतो, पण प्रत्यक्षात त्यात फॉर्मॅल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असते. तुमच्याकडे गोगलगायी आणि तारामासे आहेत, त्यामुळे साधे फॉर्मॅलिन चालणार नाही. हवेच्या संपर्काने त्यात हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते शंखातील व कवचातील चुना खाऊन टाकते. एका लिटर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम घातले की सामू (pH) ७ च्या जवळ राहतो, म्हणजे द्रव आम्लधर्मी होत नाही.

आणि कृपा करून हा द्रव पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. तो दिसायला अगदी पाण्यासारखा असतो. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

निवृत्त_संग्रहालय

सर्व सूचना चांगल्या आहेत, तरी भीती थोडी जास्त घातली जात आहे असे मला वाटते. माझी सारी नोकरी या बरण्यांमध्येच गेली आणि माझी प्रकृती उत्तम आहे. २०१८ साली गोव्यात परराज्यांतून येणाऱ्या मासळीतील फॉर्मॅलिनवरून वाद पेटला आणि सरकारने काही काळ मासळीची आयात बंद केली, तेव्हापासून लोक हा शब्द ऐकूनच दचकतात. अन्नातील फॉर्मॅलिन आणि बरणीतील फॉर्मॅलिन यांत फरक करावा.

माझी सूचना अशी की फॉर्मॅलिन पुन्हा भरूच नये. नमुने आधीच पक्के झालेले आहेत, म्हणजे फॉर्मॅलिनने त्यांच्या ऊती टिकाऊ झालेल्या आहेत. ते एक-दोन दिवस पाणी बदलत धुवून, टप्प्याटप्प्याने ७० टक्के अल्कोहोलमध्ये न्यावेत. विद्यार्थ्यांसमोर बरणी उघडावी लागली तरी मग डोळे झोंबत नाहीत.

रसायन_प्रयोगशाळा

सर, अल्कोहोलविषयीची आपली सूचना मला मान्य आहे, भीतीविषयीचे मत मात्र मान्य नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, ते नाकामागील घशाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. पुढे रक्ताच्या कर्करोगाचाही समावेश झाला. एका व्यक्तीची प्रकृती चांगली राहिली यावरून असा धोका मोजता येत नाही. शिवाय नाक या वासाला सरावते. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांत आठ तासांच्या सरासरीसाठी ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि पंधरा मिनिटांसाठी २ पीपीएम अशी मर्यादा आहे. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याला त्याहून अधिक वाफ असतानाही वास फारसा जाणवणार नाही.

अल्कोहोल निवडल्यास दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ७० टक्के इथेनॉलची वाफ आपल्याकडच्या साध्या तापमानालाही पेटते, म्हणजे बरण्यांनी भरलेली खोली आगीच्या दृष्टीने पाहावी लागेल. आणि अल्कोहोल खरेदीसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तसेच लेबल पुसलेल्या बरणीत आज नेमके काय आहे हे कळल्याशिवाय तिच्यात काहीही वरून भरू नये; काही जुन्या बरण्यांत आधीपासूनच अल्कोहोल असते. ते ओळखण्यासाठी बरणी नाकाशी नेऊ नये, संग्रहालयाची जुनी नोंदवही काढावी.

प्राणीशास्त्र_विभाग

सर्वांचे मनापासून आभार. नोंदवही सापडली आहे आणि फ्यूम हूडही चालू आहे. शंख आणि तारामासे आधी अल्कोहोलमध्ये न्यावेत असा विचार आहे. काढलेल्या द्रवाचा प्रश्न मात्र उरला. आमच्याकडे गटार योजना नाही, सेप्टिक टँक आहे.

काचपट्टी

मग तर बेसिनमध्ये एक थेंबही नको. सेप्टिक टँकचे काम जिवाणूंवर चालते आणि फॉर्मॅलिन त्यांनाच मारते. काढलेला द्रव जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये जमा करा, त्यात अल्कोहोल किंवा दुसरे काही मिसळू नका आणि कॅनवर पदार्थाचे नाव, अंदाजे तीव्रता व तारीख मराठीतच मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे परिचर मामांनाही ते वाचता येईल. साका बसलेली बाटली न उघडता तशीच त्या कॅनशेजारी ठेवा. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत. प्राचार्यांमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र दिल्यास तुमच्या भागासाठी कोणते केंद्र आहे ते कळेल. जवळच्या महाविद्यालयांचा असाच साठा असेल तर सर्वांनी मिळून एकच फेरी मागवावी, कारण थोड्या मालासाठी वाहतुकीचा खर्चच जड जातो. काम करताना थोडे सांडले तर त्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटचे पाण्यातील द्रावण टाकावे आणि काही वेळाने टिपून घ्यावे. ते फॉर्मॅल्डिहाइडला बांधून ठेवते आणि वाफ कमी होते. जवळपास आम्ल असताना मात्र ते वापरू नये, सल्फर डायऑक्साइड सुटतो. टिपलेले कागद बंद पिशवीत घालून त्याच कॅनसोबत पाठवावेत.