बेळगावात राहून एकच सायकल घ्यायची असेल, तर कोणते निकष लावावेत?

हिंडलग्याचा प्रवासी

नमस्कार. मी हिंडलग्याला राहतो आणि कामासाठी रोज उद्यमबागेत जातो. जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटरचे हे अंतर आता दुचाकीऐवजी सायकलने काटायचे ठरवले आहे. केवळ एवढ्यासाठी सायकल घ्यायची असती, तर कोणतीही साधी सायकल चालली असती आणि आपणा सर्वांना त्रास देण्याचे कारण पडले नसते. परंतु सुट्टीच्या दिवशी राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ डोंगर आणि जांबोटीकडच्या तांबड्या मातीच्या वाटा फिरण्याची इच्छा आहे. शिवाय पावसाळा पूर्ण ओसरल्यावर सामान लादून चोर्ला घाटाने गोव्यात उतरावे आणि सावंतवाडीवरून आंबोली चढून परत यावे, पुढे कधी सौंदत्ती-बदामीपर्यंतही जावे, असा विचार मनात आहे.

घरात जागा एकाच सायकलीची आहे. कॅरिअर, मडगार्ड आणि दिवे धरून खर्चाची मर्यादा साठ हजार रुपये आहे. एका दुकानात हायब्रिड (शहरी रस्त्यांची सरळ हँडलची सायकल) दाखवली, दुसऱ्यात पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी (डोंगरवाटांची सायकल), तिसऱ्यात वळणदार हँडलची ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यांची सायकल), आणि तिन्ही ठिकाणी “हीच सगळीकडे चालते” असे सांगण्यात आले. मला मॉडेलची नावे नकोत. सायकल समोर उभी असताना तिच्यात नेमके काय तपासावे, आणि कोणत्या बाबतीत तडजोड केलेली चालते, हे जाणकारांनी सांगावे.

आऊट काढणारा

पाटीवर काय लिहिले आहे ते बाजूला ठेवा आणि प्रथम चिमट्यात (पुढचे चाक धरणाऱ्या भागात) व मागच्या दांड्यांमध्ये किती रुंद टायर बसतो ते पाहा. बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुढे बदलता येते. फ्रेममधली ही जागा मात्र कारखान्यातून जेवढी आली तेवढीच राहते. आपल्या तिन्ही कामांसाठी निदान ४५ मिलिमीटर रुंदीचा टायर बसून दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली पाहिजे, आणि वर मडगार्ड बसवूनही ती उरावी. ७०० सी आणि २९ इंच ही चाके दुकानात निरनिराळी म्हणून विकली जातात, तरी दोहोंच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच, म्हणजे ६२२ मिलिमीटर असतो. त्यामुळे २९ इंची एमटीबीच्या रिमची रुंदी फार नसेल, तर तिला ४० मिलिमीटरचा गुळगुळीत टायर लावून रोज कामावर जाता येते. पण ज्या हायब्रिडमध्ये ३५च्या वर टायर जात नाही, तिला जांबोटीच्या खडीवर न्यायचे म्हटले तर काहीच करता येत नाही. टायर मधोमध सपाट आणि कडेला गाठी असलेला घ्यावा, कारण डांबरावर मधला भाग धावतो आणि मातीच्या वळणावर कडेच्या गाठी धरतात.

दुसरी तपासणी सर्वांत हलक्या गिअरची. दुकानदार २१ गिअर, २७ गिअर असे आकडे सांगतो, पण सामान लादून घाट चढताना संख्येचा काडीइतका उपयोग होत नाही. पुढचे सर्वांत लहान चक्र आणि मागचे सर्वांत मोठे चक्र यांचे दात मोजावेत. पुढे २२ आणि मागे ३४ दात असतील, तर ४० मिलिमीटर टायरच्या ७०० सी चाकावर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.४ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास राहतो. पुढे एकच ४० दातांचे चक्र आणि मागे ४२ असलेल्या ग्रॅव्हल सायकलीत तेच अंतर २.१ मीटर होते. मोकळ्या सायकलीवर हा फरक सोसवतो. परंतु आपल्या मार्गाचा स्वभाव लक्षात घ्या: बेळगाव पठारावर आहे, त्यामुळे जाताना उतार आणि सगळा चढ परतीला, म्हणजे पाय थकलेले असताना आणि पिशव्या भरलेल्या असताना येतो. दानोलीकडून आंबोली चढताना दीड मीटरच्या आतला गिअर हाताशी असलेला बरा.

मागच्या चाकाच्या हबकडेही (चाकाच्या मधल्या तुंब्याकडे) लक्ष द्या. स्वस्त सायकलींत मागची दात्यांची गड्डी हबवर आट्यांनी फिरवून बसवलेली असते. तिच्या खाली उजव्या बाजूचे छर्रे खूप आत राहतात, त्यामुळे ओझे लादून खड्ड्यात आपटल्यावर आस वाकतो किंवा तुटतो. कॅसेट पद्धतीच्या, म्हणजे गड्डी सरकवून बसवण्याच्या हबमध्ये छर्रे टोकाजवळ असल्याने हा धोका बराच कमी होतो. चाकाच्या तारा ३२ किंवा ३६ असाव्यात, आणि नवी सायकल घेतल्यावर पहिल्या महिन्यात एकदा मिस्त्रीकडून तारा ताणून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्यावा. ज्यांच्या तारा वारंवार तुटतात, त्यांतल्या बहुतेकांनी हे काम केलेलेच नसते.

निपाणी–संकेश्वर

वरील तांत्रिक माहितीशी मी सहमत आहे, तरी निष्कर्ष वेगळा काढावासा वाटतो. प्रश्नकर्ते वर्षातले अडीचशे दिवस कामावर गेले, तरी पाच हजार किलोमीटर केवळ शहरातल्या डांबरावर होतील. राजहंसगड, वैजनाथ आणि एखादी गोव्याची फेरी मिळून त्याच्या चौथाईही भरणार नाही. मग चौथाईसाठी बाकी सगळ्या अंतरावर पुढच्या सस्पेन्शनचे ओझे का वाहावे? या दरातले सस्पेन्शन जड असते, त्यात पावसाचे पाणी शिरते, आणि त्याची निगा कोणी राखत नाही. ताठ चिमट्याची आणि ४० मिलिमीटर टायर घेणारी हायब्रिड मिळाली, तर राजहंसगडाचा रस्ता तिला मुळीच जड जात नाही, आणि वैजनाथाच्या अवघड तुकड्यावर उतरून सायकल हाताने ढकलण्यात काही कमीपणा नाही.

रस्त्यांबद्दल एक सांगतो. उसाच्या हंगामात आमच्या भागात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या डांबर व्यापून जातात, आणि सायकलवाल्याला कडेच्या खडीत उतरावेच लागते. तेव्हा अगदी बारीक टायर नको, हे मात्र मान्य.

मलप्रभेकाठचा

सौंदत्ती-बदामीचा उल्लेख आला म्हणून लिहीत आहे. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती पावसात घसरते, पण चाकाला धरून राहत नाही. बैलहोंगल ओलांडल्यावर लागणारी काळी माती ओली झाली, की टायरवर थरावर थर चढवते आणि थोड्याच फेऱ्यांत मडगार्ड व टायर यांच्यामध्ये घट्ट बसून चाक अडवते. ज्या सायकलीत बोटभर जागा नाही, ती तिथे खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून “आऊट काढणारा” यांनी सांगितलेली जागेची अट केवळ रुंद टायरसाठी आहे असे समजू नये. पावसाळ्यात त्या पट्ट्यात शेतवाटेने जाण्याचा मोह टाळावा, हे त्याहून सोपे.

दुसरी बाब सुट्या भागांची. खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानात २८ इंची टायर लटकलेला दिसला, की आपले काम झाले असे वाटते. तो टायर जुन्या काळ्या सायकलीचा, २८ बाय दीड इंचाचा असतो, आणि त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. ७०० सी किंवा २९ इंचाच्या ६२२च्या रिमवर तो बसत नाही. त्याच मापाची ट्यूब मात्र अडचणीच्या वेळी आत घालून चालवता येते, पण एका अटीवर: रिमला जाड वॉल्वचे भोक हवे. बारीक प्रेस्टा वॉल्वपुरते भोक असलेल्या रिममध्ये गावठी ट्यूबचा वॉल्व शिरतच नाही. त्यामुळे लांब जाणाऱ्याने जाड वॉल्वची रिम घ्यावी आणि घडी होणारा एक टायर पिशवीच्या तळाशी ठेवावा. बाभळीच्या काट्यांसाठी टायरच्या आत जाड पट्टी घातली, तर सायकल किंचित जड चालते, पण पूर्वेकडे जाताना ती घालणेच शहाणपणाचे.

हिंडलग्याचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. आता तीनच शंका उरल्या आहेत. सस्पेन्शन घ्यावे की ताठ चिमटा घ्यावा? डिस्क ब्रेक तेलाचा असावा की तारेचा? आणि वळणदार हँडल लांबच्या प्रवासात खरोखर एवढे सोयीचे पडते का?

आऊट काढणारा

ताठ चिमटा घ्यावा, एवढ्यापुरते निपाणीच्या मित्रांचे म्हणणे मला पटते. पण फ्रेम मात्र २९ इंची एमटीबीसारखी मोकळी असावी. अशी सायकल तयार मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास सस्पेन्शनवाली घेऊन पुढे ताठ चिमटा बसवता येतो, मात्र त्याची उंची मूळ चिमट्याइतकीच असली पाहिजे. बुटका बसवला तर पुढचा भाग खाली येतो आणि घाट उतरताना हँडल अस्थिर वाटते. ताठ चिमट्याच्या दोन्ही पायांना कॅरिअरसाठी भोके असतील, तर थोडे ओझे पुढे घेता येते आणि मागच्या चाकावरचा भार हलका होतो. मागे पाहताना डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकतीवर पॅड दाबणारा भाग) कुठे बसवला आहे ते अवश्य बघा. तो दोन दांड्यांच्या आत असला तर साधे कॅरिअर बसते. बाहेर असला तर कॅरिअरचा पाय अडतो आणि वेगळे कॅरिअर शोधावे लागते.

ब्रेक डिस्कचाच हवा. कणकुंबीच्या पावसात रिम ब्रेकच्या रबरात तांबडी वाळू रुतते आणि रिमचा धातूच घासला जातो. तेलाचा ब्रेक बोटाला हलका असतो आणि रोजच्या वापरात उत्तम चालतो. परंतु नळी फुटली तर गावात दुरुस्ती होत नाही. तारेच्या ब्रेकची तार कोठेही मिळते, पॅड झिजल्यावर स्क्रू फिरवून जवळ आणता येतो. तुमच्या दौऱ्यांचा विचार करता मी तारेचा घेईन आणि पॅडची एक जोडी जवळ ठेवीन. लादलेली सायकल चोर्ल्याने उतरवताना ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाआधी जोरात लावून मग सोडावा, म्हणजे चकतीला थंड व्हायला वेळ मिळतो.

वळणदार हँडलने वाऱ्याला तोंड देणे सोपे होते आणि हात ठेवण्याच्या जागा वाढतात, हे खरे. पण त्याच्यासोबत येणारे गिअर-ब्रेकचे खटके महाग असतात, आणि साठ हजारांत तो खर्च केला तर चाके व हब यांच्यावर काटकसर होते. सरळ हँडलच्या टोकांना शिंगे लावली, तर मनगटाला बदल मिळतो आणि खर्चही थोडा येतो. पुढे कधी हँडल बदलावेसे वाटले, तर शिमानोच्या नऊ गिअरपर्यंतच्या जुन्या मालिकांत रोड सायकलीचे खटके एमटीबीच्या मागच्या गिअर यंत्रणेशी जुळतात. दहापासून पुढे तसे गृहीत धरू नये.

खरेदीपूर्वी दुकानातच सायकलीची वरची दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकवून उभे राहा. डांबरी वापरासाठी दांडी आणि शरीर यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर पुरते, पण मातीच्या वाटेवर अचानक उतरावे लागते म्हणून पाच तरी असावे. कॅरिअर दुकानातूनच बसवून घ्या, त्यावर दहा किलोचे पोते बांधा आणि जवळपासच्या एखाद्या चढावर चालवून पाहा. पॅडल मारताना टाच मागच्या पिशवीला लागते की नाही, हे तेव्हाच कळेल. लागत असेल तर कॅरिअर मागे सरकवता येते का ते तिथेच विचारा, आणि येत नसेल तर दुसरी फ्रेम पाहा.