समाज विज्ञानाची शिक्षिका व्हायचंय, पण भूगोल आणि अर्थशास्त्र कुठून सुरू करू?

मलप्रभाकाठची

नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली. बी.ए.ला इतिहास आणि राज्यशास्त्र होतं, आता बी.एड.चं दुसरं वर्ष चालू आहे. इंटर्नशिप एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आहे, आठवी आणि नववीवर पाठ घेते. मुलांना शिकवायला मनापासून आवडतं. वर्गात उभी राहिले की दुसरं काही सुचत नाही.

अडचण अशी आहे की आपल्या पुस्तकात समाज विज्ञान म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन असे सहा भाग. यातले दोनच मी नीट शिकलेय. भूगोल दहावीनंतर हातात धरला नाही. अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययन मला स्वतःलाच शिकून घ्यावं लागेल.

दुसरं, कन्नड. बाजारात, बसमध्ये बोलते, पण वाचायला वेळ लागतो. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि पुढची भरती डोळ्यासमोर ठेवून ते किती पक्कं करावं लागेल?

तिसरं जरा नाजूक आहे. राज्यघटनेचा पाठ चालू असताना एका मुलानं विचारलं, "टीचर, आपलं गाव महाराष्ट्रात का नाही?" मागे निरीक्षक बसले होते. तास संपल्यावर बोलू, एवढंच मी त्याला सांगितलं. असा प्रश्न आला तर शिक्षकानं काय करायचं?

निपाणीचा_मास्तर

ताई, मी सहावी ते आठवीवर आहे, सरकारी शाळेत. परीक्षेचं तेवढं सांगतो.

टीईटी पेपर दोन हा सहावी ते आठवीसाठी. दीडशे गुण, अडीच तास. बालविकास ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३० आणि समाज विज्ञान ६०. पहिली भाषा मराठी घेता येते. खुल्या गटाला ६० टक्के लागतात, म्हणजे ९० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, आधी सातच वर्षं चालायचं.

पण टीईटी म्हणजे नोकरी नव्हे. भरतीची स्पर्धा परीक्षा (सीईटी) वेगळी असते. २०२२ ला १५,००० पदांची भरती निघाली तेव्हा विषयाच्या पेपरात निव्वळ गोल रंगवून भागलं नाही, लिहून उत्तरं द्यायची होती. शिवाय भाषेचा पेपर वेगळा. लई हुशार पोरं तिथं अडकली, कारण लिहायची सवयच गेलेली. रोज एक प्रश्न हातानं लिहून काढा. यादी लावताना टीईटीचे, पदवीचे आणि बी.एड.चे गुण पण धरतात, म्हणून बी.एड.चं शेवटचं सेमिस्टर हलक्यात घेऊ नका.

आणि कल्याण कर्नाटकाच्या राखीव जागा बघून आशा लावू नका. ती राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाची सवलत बिदर, कलबुर्गी त्या बाजूच्या जिल्ह्यांना हाय. आपला जिल्हा कित्तूर कर्नाटकात येतो.

हायस्कूलची भरती आणखी वेगळी. तिथं पदवीला कोणते विषय होते ते बघतात. जाहिरात आली की सगळ्यात आधी तो रकाना वाचा.

जुन्या_हायस्कूलच्या_बाई

मुली, परीक्षेचं मास्तरांनी नीट सांगितलंय, त्यात मी भर घालत नाही. मी नोकरीभर समाज विज्ञानच शिकवलं, बेळगावात आणि खेड्यातही. मला एकच सांगायचंय: आपला जिल्हा या विषयासाठी इतका भरलेला आहे की तो नीट पाहिलास तर सहाच्या सहा भागांची तयारी तिथेच होते. गाईड नंतर घे.

भूगोल घाबरवतोय ना? मग तुझ्याच तालुक्यापासून धर. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. सौंदत्तीजवळ नविलतीर्थला तिच्यावर धरण आहे, पुढे कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते, म्हणजे ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगररांगेत, भीमगडच्या रानातून म्हादई निघते आणि गोव्यातून अरबी समुद्राला जाते. एकाच तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना जातं. जलविभाजक म्हणजे काय ते नववीच्या मुलाला यापेक्षा सोपं करून कुठलं पुस्तक सांगणार? आणि म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं नाव मुलांनी घरी, बातम्यांत ऐकलेलं असतं. त्या पाण्याच्या तंट्यासाठी लवाद २०१० साली नेमला गेला, त्याचा निवाडा २०१८ साली आला. आंतरराज्य नदी-तंट्याचा धडा तिथे आपोआप उघडतो.

पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना मी मुलांना आजोळ विचारायचे. कुणाचं कणकुंबी, जांबोटीकडे, कुणाचं अथणीला. तिकडे काय पिकतं, घराचं छप्पर कसं आहे, पावसाळ्यात मामा काय करतात? खानापूरचा मुलगा भात सांगणार, अथणीचा ज्वारी सांगणार, आणि कृष्णेच्या पाण्यावर ऊस. फळ्यावर दोन रकाने भरले की मग नैर्ऋत्य मोसमी वारे आणि सह्याद्री आणायचा. आधी व्याख्या आणि मग उदाहरण असं केलंस तर मुलं व्याख्या पाठ करतात आणि आजोळ विसरतात.

आता नकाशा. हे मी जरा लांब सांगणार आहे, कारण नवे शिक्षक इथेच कच्चे राहतात. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, भारताची बाह्यरेषा मुलांनी स्वतः काढून त्यात ठिकाणं दाखवायची असतात. छापील नकाशा लटकवून शिकवणाऱ्याच्या मुलांना ती जमत नाही. मुलांसमोर रिकाम्या फळ्यावर तुला काढता आली पाहिजे. माझी रीत अशी: आधी एक उभी रेघ, ती ८२½ अंश पूर्व रेखांश. तिला छेदणारी आडवी रेघ, ते कर्कवृत्त, २३½ अंश उत्तर. देशाची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किमी आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किमी, म्हणजे उंची रुंदीपेक्षा थोडीच जास्त, तेवढी चौकट मनात धरायची. कर्कवृत्ताचं डावं टोक कच्छमध्ये ठेव. उजवीकडे मिझोरमपर्यंत जा, अरुणाचल त्याच्याही पुढे आणि वर. उभी रेघ खाली येते तिथे आंध्रचा किनारा लागतो, काकीनाड्याच्या आसपास. कन्याकुमारी त्या रेघेवर नाही, बरीच डावीकडे आहे. मुलं ती हमखास मधोमध काढतात आणि मग सगळा दक्षिण भारत वाकडा होतो. वरचं काश्मीरचं टोकही डावीकडेच. एवढ्या खुणा बसल्या की रेषा जोडायच्या. रोज सकाळी पाटीवर काढ, पुसून टाक. महिनाभरात हात बसेल.

अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययनासाठी तुझ्या आईच्या बचत गटाची वही माग. जमा, कर्ज, व्याज, हप्ता, सगळं त्यात आहे. पोस्टात जाऊन आवर्ती ठेवीचा फॉर्म आण, बँकेतून भरणा-पावती आण, मुलांकडून वर्गात भरून घे. दहावीला बँक व्यवहार, उद्योजकता, ग्राहक शिक्षण आहे, त्यातलं निम्मं असं कागद हातात देऊन होतं. सहकार शिकवताना गदगजवळच्या कणगिनहाळची १९०५ सालची सहकारी संस्था सांग, आणि लगेच गावातल्या दूध डेअरीवर ये. निपाणीच्या बाजूची मुलं असतील तर तंबाखू घे: शेतात कोण राबतं, वखार कुणाची, भाव कोण ठरवतं. १९८१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी मोठं आंदोलन केलं, ते मुलांच्या आजोबांना आठवतं. घरी विचारून या म्हणावं.

इतिहास तुझा विषय आहे, तरी एक सांगते. दहावीला कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा आहेत. रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ती तुझ्याच तालुक्यात, नंदगडला. त्याची समाधी तिथे आहे. खानापूरच्या मुलांना हा धडा शिकवून झाल्यावरही नंदगड दाखवलं नाही, असं होऊ देऊ नकोस. हलशीला कदंबांच्या काळचं देऊळ आहे, बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. टिळकांनी होमरूल लीगची सुरुवात एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच केली. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. त्या वेळची विहीर अजून आहे. आणि १९२५ साली निपाणीत बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आले होते, हे मुलांना सहसा कुणी सांगत नाही. तू सांग.

कन्नडचं. नोकरी इथे करायची तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचं प्रत्येक परिपत्रक कन्नडमध्ये येतं. ते दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या शिक्षकाची शाळेत फार ओढाताण होते. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर समाज विज्ञानाचं तेच पुस्तक मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे फुकट मिळतं. मराठी धडा तुला येतोच, मग शेजारी कन्नड धडा ठेवून वाच. आठवीपासून सुरू कर, दहावीपर्यंत जा. विषय आणि भाषा एकदमच होतात. व्याकरणाच्या पुस्तकात अडकून बसू नकोस. वर्गात मात्र मराठी चोख ठेव. मुलांची ती भाषा आहे आणि त्यांना विषय त्याच भाषेत कळायचा आहे, हा त्यांचा हक्क आहे. ३५०-अ कलम स्वतः वाच आणि त्यांनाही वाचून दाखव. ते प्राथमिक शिक्षणातल्या मातृभाषेबद्दल आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो प्रश्न चांगला आहे, आणि तो अभ्यासक्रमातलाच आहे. दहावीला भाषावार प्रांतरचना आहे. निरीक्षक बसले असले तरी उत्तर द्यायला हरकत नसते, फक्त ते शिक्षकाचं उत्तर असावं. पोट्टी श्रीरामुलूंचं उपोषण आणि मृत्यू १९५२, आंध्र राज्य १९५३, त्याच वर्षी राज्य पुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग, त्यात कुंझरू आणि पणिक्कर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, तेव्हा मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. पुढे सीमावादावर महाजन आयोग, त्याचा अहवाल १९६७. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हे सगळं तारखांसह सांगायचं. महाराष्ट्र काय म्हणतो आणि कर्नाटक काय म्हणतो, दोन्ही बाजू त्यांच्या त्यांच्या मुद्द्यांसह मांडायच्या. वर्गात मराठी घरातली मुलं असतात तशी कन्नड, उर्दू, कोकणी बोलणाऱ्या घरातलीही असू शकतात. कुणालाही मान खाली घालावी लागता कामा नये. घोषणा वर्गाबाहेर ठेवायच्या, पण प्रश्न बाहेर ठेवायचा नाही. मुलानं धीर करून विचारलं आणि शिक्षक गप्प बसले, तर त्याला उत्तर दुसरीकडे मिळतं, आणि तिथे तारखा नसतात.

त्या मुलाशी तास संपल्यावर बोललीस का?

घाटावरचा_वाटसरू

ताई, आणखी एक वाट आहे, ती बंद समजू नका. महाराष्ट्र सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या यादीत तुमचं गाव असेल तर महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या उमेदवारांसाठी तरतूद आहे, रहिवासाचा दाखला काढावा लागतो. तिकडे टीईटी वेगळी, शिवाय टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी. ती २०० गुणांची, दोन तासांची, त्यात विषयज्ञान नसतं, गणिती आणि तर्काचे प्रश्न फार. मी चंदगडकडच्या शाळेत आहे, घर बेळगाव तालुक्यात.

दोन्हीकडची तयारी एकदम करणाऱ्यांना मात्र दमताना पाहिलंय. तिकडचा अभ्यासक्रमही वेगळा आहे. एक मुख्य धरा, दुसऱ्याचा अर्ज भरून ठेवा. आणि भरती निघेपर्यंत अतिथी शिक्षक म्हणून जाता आलं तर जा. मानधन थोडं, तेही उशिरा हातात येतं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण वर्ग मिळतो.

मलप्रभाकाठची

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचं उत्तर उतरवून घेतलंय.

हो, त्या मुलाशी बोलले. त्याचे वडील एका वर्षी सीमाभागातले मराठी लोक १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीला गेले होते, म्हणून तो विचारत होता. तारखा तेव्हा माझ्याकडे इतक्या नीट नव्हत्या, आता पुढच्या आठवड्यात पूर्ण वर्गाला सांगते. सरांची परवानगी मिळाली आहे.

नकाशा काल काढून बघितला. रेघा बसल्या, पण पश्चिम किनारा माझा सरळच येतो. आणि कणकुंबीला मुलांना न्यायचं म्हटलं तर कधी नेऊ?

जुन्या_हायस्कूलच्या_बाई

खंबातचं आखात आधी काढ, आत शिरणारं. कच्छ आणि सौराष्ट्र सुटे दिसले की खालचा किनारा मुंबईपासून हळूहळू उजवीकडे उतरवत केरळपर्यंत ने. तो सरळ उभा नाही, तिरका आहे.

कणकुंबीला ऐन पावसात मुलं नेऊ नकोस, घाटात काही दिसत नाही आणि जबाबदारी तुझ्यावर येते. पाऊस उघडल्यावर, सहामाहीच्या आधी जा. मुख्याध्यापकांचं पत्र आणि पालकांची संमती लेखी घे. जाताना प्रत्येकाच्या हातात तालुक्याचा कोरा नकाशा दे. उगमाजवळ उभं राहून पाणी कुठल्या दिशेला जातंय ते बाणानं दाखवायला सांग. परत येताना नंदगडला थांबता येतं का ते एसटीवाल्यांना आधी विचारून ठेव.