मदत हवी आहे: ‘एल शद्दाय’ या नावाचा अर्थ कसा सांगावा?

आपणा सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात मला बायबलमधील देवाच्या ‘एल शद्दाय’ या हिब्रू नावावर बोलायचे आहे. उत्पत्ती १७:१ मध्ये ९९ वर्षांच्या अब्रामाला देव याच नावाने स्वतःची ओळख करून देतो आणि मराठी पवित्र शास्त्र तेथे ‘सर्वसमर्थ देव’ म्हणते. परंतु काही अभ्यासक ‘शद्दाय’चा संबंध अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियातील भाषेतील पर्वतवाचक ‘शदू’शी जोडतात, तर काही जण हिब्रूतील ‘शद’ म्हणजे स्तन या शब्दाकडे बोट दाखवतात. उत्पत्ती ४९:२५ मध्ये याकोब योसेफाला आशीर्वाद देताना ‘शद्दाय’ आणि ‘शद’ हे दोन्ही शब्द एकत्र येतात, त्यामुळे पोषण करणारा देव हा अर्थ मला अधिक भावतो. मात्र रूथ १:२० मध्ये रूथची दुःखी सासू नामी याच नावाने देवाबद्दल तक्रार करते आणि तेथे तो अर्थ मुळीच बसत नाही.



हिब्रू जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे, की ‘सर्वसमर्थ’ हा शब्द सप्तती (ग्रीक) व व्हल्गेट (लॅटिन) या जुन्या भाषांतरांच्या प्रभावातून रूढ झाला, की मूळ शब्दातच त्याला आधार आहे? शिवाय नामीची तक्रार आणि याकोबाचा आशीर्वाद या दोहोंना पेलणारा एखादा मराठी शब्द कोणाला सुचतो का?